साक्षीनं ओळखलेले चेहरे

भनपुरी, रायपूर
१२ नोव्हेंबर २०२४

पायल,

तुले जयभीम. नावाच्या आधी काय लावावं ते समजलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुझ्या आईले अन् भावाले, विशालले, माझा जयभीम सांग, त्यांनी घेतला तर.

आम्ही इथं ठीक आहोत. थंडी अजून पडली नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ मात्र सुरू झाली. छतावर वाळत घातलेले कपडे दोनदा धुवावे लागतात. माझे गुडघे तसेच आहेत. लोकेशची क्रेनवरची ड्यूटी चालू आहे, ह्या महिन्यात दिवसपाळी आहे.

साक्षी बरी आहे. ऑगस्टमध्ये पाच पूर्ण झाले. तिच्या केसांच्या दोन वेण्या लोकेशच घालून देते, बाप असून जरासुद्धा ओढत नाही. वरण-भात खाते, भाजी खात नाही. तुझी आठवण काढते असं लिहिलं तर तुले त्रास होईल, काढत नाही असं लिहिलं तर अजून जास्त होईल. म्हणून ते राहू देते.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. साक्षीच्या शाळेत एक लहानशी गोष्ट झाली. पियुष नावाचा पोरगा आहे तिच्या वर्गातला, आपल्या गल्लीच्या टोकाले राहते. खेळता खेळता त्याचं बोट वर्गाच्या दारात सापडलं. दार साक्षीच्या हातात होतं. पोरांच्या खेळण्यात होते असं कधी कधी. पण बोटाचा शेंडा नखासकट गेला. टीचर म्हणते की पोरगा ओरडत होता तरी साक्षीनं दार सोडलं नाही, पाठ लावून उभी राहिली. अन् हसत होती. टीचरले तिले उचलून बाजूले करावं लागलं.

याच्या आधीही दोन-तीन तक्रारी आल्या होत्या. कोणी नुसतं तिच्याकडं पाहिलं तरी मारते. एका पोट्टीच्या गालाले चावली. ती पोट्टी फक्त तिच्या समोर उभी होती.

शाळेनं सांगितलं की तिले काउन्सलर मॅडमकडं न्या, नाही तर नाव काढून घ्या. मॅडमचं नाव अनुश्री, आपल्या नागपूरकडच्याच आहेत, मराठी बोलतात. बूढापाऱ्यात तलावाजवळ एका दुकानाच्या वर त्यांची खोली आहे. त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात विचारलं आहे की मूल दीड-दोन वर्षांचं असताना दुसरं कोणी रडलं तर काय करत होतं. मले ते आठवत नाही. मॅडम म्हणाल्या, आईले विचारा. म्हणून तुले विचारते.

उत्तर लिहिशील तर शेजारच्या सत्यभामाबाईच्या पत्त्यावर लिही, पाकिटावर दिला आहे. आपल्या घरी पोस्टमन कधी येते कधी नाही.

शेवंता


भनपुरी
२७ नोव्हेंबर २०२४

पायल,

तुझं पत्र शनिवारी सत्यभामाबाईनं आणून दिलं. मी ते तिच्याच घरी वाचलं अन् तिच्याच घरी ठेवलं.

तू लिहिलं की साक्षी दोन वर्षांची असताना कोणी रडलं की आपल्या फ्रॉकचं टोक घेऊन त्याचे डोळे पुसायला जात होती. एकदा दवाखान्यात सुई टोचलेल्या अनोळखी पोराचेही पुसले. मले हे आता आठवलं. माझेही पुसले होते तिनं एकदा. मी ते फॉर्ममध्ये तुझ्या शब्दांत लिहिलं.

आता मॅडमच्या खोलीत काय झालं ते सांगते.

त्यांच्याजवळ पत्ते असतात तसे मोठे मोठे फोटो आहेत, लहान पोरांच्या चेहऱ्यांचे. एक एक फोटो साक्षीसमोर ठेवायचा अन् विचारायचं, याले कसं वाटून राहिलं. साक्षीले मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते, तुले माहीत आहे.

पहिला फोटो रडणाऱ्या पोराचा होता. साक्षी लगेच म्हणाली, "गुस्सा है. मारेगा."

दुसऱ्या फोटोतला पोरगा नुसता समोर पाहत होता, ना हसत ना रडत. ती त्याच्याकडं पाहतच राहिली अन् मग मॅडमच्या टेबलापासून मागं सरकली. "ये अभी सोच रहा है. बाद में मारेगा."

मग मॅडमनं हसणाऱ्या पोट्टीचा फोटो ठेवला. चांगले सगळे दात दिसत होते. साक्षी म्हणाली, "ये डर गई."

मॅडमनं विचारलं, "डर गई? तुम्हें कैसे पता?"

"दाँत दिख रहे हैं ना."

शेवटचा फोटो झोपलेल्या बाळाचा होता. तो खेळात नव्हता म्हणे, चुकून त्या गठ्ठ्यात आला होता. साक्षीनं त्याच्यावर बोट ठेवलं अन् म्हणाली, "ये खुश है."

मॅडमनं तिले रंग देऊन कोपऱ्यात बसवलं अन् मले समजावून सांगितलं. म्हणाल्या, "आजी, ही मुलगी दुष्ट नाही. तिला दुसऱ्याचं रडणं रडणं म्हणून दिसतच नाही, राग म्हणून दिसतं. शांत चेहरासुद्धा राग म्हणून दिसतो. तिला वाटतं आता मार पडणार, म्हणून ती आधीच मारते. हे आपोआप होत नाही. जे घरात रोज पाहते त्यावरूनच मूल चेहरे वाचायला शिकतं. घरात भीती वाटली की कोण असं हसतं?"

मी म्हटलं, टीव्ही खूप पाहते.

मॅडमनं वहीत काही लिहिलं नाही. फक्त विचारलं, "तुम्ही रोज घरीच असता ना?" मी हो म्हटलं.

आता एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नव्हती. मॅडमकडं जायचं शाळेनं सांगितलं हे खरं आहे, पण लोकेशच्या वकिलानंही सांगितलं होतं. तू साक्षीले मागायला कोर्टात अर्ज केला, त्याची तारीख १८ डिसेंबर आहे. वकील म्हणाला की मॅडमकडून असा कागद आणा की माय सोडून गेली म्हणून पोरगी अशी झाली. मी तोच कागद आणायला गेली होती. फॉर्म भरणं, तुले विचारणं, सगळं त्याच्यासाठीच चालू होतं. तू खरं खरं उत्तर लिहून पाठवलं अन् मी ते कशासाठी मागत होती ते तुले माहीत नव्हतं.

मॅडमनं कागद दिला नाही. "मी जे पाहिलं तेच लिहीन," म्हणाल्या. लोकेशले मी घरी येऊन सांगितलं की अजून दोन वेळा बोलावलं आहे. तो जेवला, ताट स्वतः उचललं.

पियुषच्या बोटाचे टाके काढले. त्याची माय आता रस्त्यात मले पाहून पोराले दुसऱ्या बाजूले घेते.

पत्राच्या शेवटी तू एकच ओळ लिहिली, "दार आतून बंद होतं का?" त्याचं उत्तर मी आज लिहू शकत नाही.

शेवंता


भनपुरी
११ डिसेंबर २०२४

पायल,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या साक्षीच्या दप्तरात ठेवीन. तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्याजवळ असेल.

रविवारी काय झालं ते आधी सांगते. मॅडमनं त्यांचा कागद तयार केला अन् त्यात आई गेल्याचा शब्दही नव्हता. घरातल्या भीतीबद्दल लिहिलं होतं. लोकेश स्वतः आणायला गेला होता. जिन्यातच वाचला असेल. घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडं पाहून मी चहा ठेवायला गेली. मी असंच करते, तुले माहीत आहे. साक्षी जमिनीवर चित्र काढत होती.

तो तिच्यासमोर उभा राहिला अन् म्हणाला, "क्या बताया तूने मॅडम को?"

साक्षी उठून उभी झाली. अन् हसली. सगळे दात दाखवून, मान थोडी खाली घालून, त्याच्याकडं पाहत राहिली.

"हसतेस?" लोकेश म्हणाला. "माझ्यावर हसतेस?"

ती अजून जास्त हसली. मग त्यानं तिले मारलं. पायल, त्यानं आजपर्यंत तिच्या अंगाले हात लावला नव्हता, हे मी पंचांच्या बैठकीतही शपथेवर सांगितलं होतं अन् ते तेव्हा खरं होतं. आता नाही. दोन वेळा मारलं. ती खाली पडली तरी हसतच होती, अन् हसणं पाहून त्याचा राग वाढत होता. मी मधे पडली तेव्हा तो थांबला, बाहेर गेला. गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

मी तिले मागच्या खोलीत घेतलं. गालावर बोटं उमटली होती. ती रडली नाही. मले म्हणाली, "आजी, मैं तो हँस रही थी ना?"

तिले समजत नव्हतं की सांगितलेलं सगळं बरोबर केलं तरी मार काहून पडला.

हे तिले मी शिकवलं. मॅडमच्या खोलीत मी टीव्हीचं नाव घेतलं ना, ते चूक होतं. मॅडमनं विचारल्यावर साक्षी कोपऱ्यातून उठून आली होती अन् तिनं माझं बोट धरलं होतं. "आजी हँसती है ऐसे," म्हणाली होती. मॅडमनं ऐकलं, मीही ऐकलं. तुले लिहिताना मी ते सोडून दिलं.

तुझे सासरे गुलाबराव असेच होते. रेल्वेत सगळे त्यांले सज्जन म्हणत. दारू नाही, बिडी नाही. मी लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती, अन् एका महिन्यात शिकली की रडलं तर जास्त मार पडते, गप्प बसलं तरी पडते, हसलं तर कधी कधी चुकते. एकतीस वर्षं हसली. ते गेले त्या दिवशी लोकं म्हणाले, बाईच्या डोळ्यात पाणी नाही. मले काय करावं तेच माहीत नव्हतं.

तू घरात आली तेव्हा मी तुलेही हेच सांगितलं. आठवते तुले? मी म्हटलं होतं, तो घरी आला की हसतमुख राहत जा, माणूस थकून येते. तू विचारलं होतं, "आई, मले हसू येत नसलं तर?" मी म्हटलं, आणायचं. नंतर साक्षी तीन वर्षांची झाली अन् भ्यायला लागली, तर मी तिलेही शिकवलं. त्याचा खेळ केला. पप्पाचा आवाज मोठा झाला की दात दाखवायचे, आजीकडं पाहायचं, आजीसारखं करायचं. मले वाटत होतं मी तिले वाचवून राहिली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

दार आतून बंद होतं. मी बैठकीत पंचांसमोर म्हटलं की मी बाजारात गेली होती अन् पायल जिन्यावरून पडली. मी बाजारात गेली नव्हती. त्या दिवशी, सत्तावीस एप्रिलले, तो तुले समोरच्या खोलीत मारत होता तेव्हा मी साक्षीले घेऊन मागच्या खोलीत गेली. कडी तुटलेली होती म्हणून दाराले पाठ लावून बसली. साक्षीले म्हटलं, तूही लाव. ती माझ्या बाजूले बसली, पाय जमिनीत रुतवले.

तू दाराशी आली. तू "आई, दार उघडा" म्हटलं, तीन वेळा. एकदा दार चार बोटं उघडलंही होतं. त्या फटीतून तुझा चेहरा दिसला. तुझा जबडा तेव्हाच तुटला होता, तोंड वाकडं झालं होतं अन् तू ओरडत होती. मी साक्षीले म्हटलं, "जोरात दाब, अन् माझ्याकडं पाहा, हस." आम्ही दोघींनी मिळून दार लावलं. ती चार वर्षांची होती. तिच्या ताकदीनं काही झालं नसतं. माझ्या ताकदीनं झालं.

मी उघडलं असतं तर तू आत आली असती. तोही आला असता, कदाचित. कदाचित नाही. मी हे सात महिने विचार करून राहिली अन् प्रत्येक वेळी शेवटी एवढंच उरते की मी उघडलं नाही.

पियुष दाराच्या फटीत बोट सापडून ओरडत होता तेव्हा साक्षीनं जे केलं, ते तिले नवीन नव्हतं.

रविवारी मागच्या खोलीत तिनं मले विचारलं, "मम्मी भी गुस्सा थी ना? इसलिए चली गई ना?"

सात महिने ती पोट्टी हेच घेऊन होती. की माय तिच्यावर रागावून दाराशी आली होती, अन् तिनं दार लावलं म्हणून निघून गेली. मी तिले समोर बसवलं. माझ्या तोंडावर हसू येत होतं, सवयीनं. मी पदरानं तोंड पुसलं अन् म्हटलं, "नाही बाई. मम्मी गुस्सा नव्हती. मम्मीले खूप लागलं होतं अन् मम्मी भ्याली होती. तिले आत यायचं होतं. आजीनं येऊ दिलं नाही. तू काही केलं नाही, आजीनं केलं."

ती माझ्या चेहऱ्याकडं खूप वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आप भी डर गए थे?"

मी म्हटलं, हव.

तेव्हाही ती रडली नाही. मॅडम म्हणतात की घाई करू नका. सोमवारी मी एकटीच त्यांच्याकडं गेली अन् सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलं तसं. त्यांनी ते लिहून घेतलं अन् माझी सही घेतली. तुझ्या वकिलाले द्यायचा कागद दप्तरातच आहे. त्यांनी विचारलं, घरी जायला भीती वाटते का. मी म्हटलं, आता सवय आहे. त्या म्हणाल्या, ही सवय नाही आजी. मग मले पाणी दिलं.

सत्यभामाबाईच्या फोनवरून विशालशी बोलली. मी पूर्ण सांगितल्यावर तो म्हणाला, "पायलले आधी सांगत नाही. आणाल तेव्हा खरं." त्यानं असं म्हणणं बरोबर आहे. उद्या लोकेश ड्यूटीवर गेला की आम्ही सकाळच्या गाडीनं निघू. गोंदियाच्या फलाटावर विशाल येईल, त्याच्या हातात साक्षीचा हात देईन अन् परतीच्या गाडीत बसीन. तुझ्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही. अन् तुले मले माफ करावं लागेल अशा जागी मी तुले उभं करणार नाही.

लोकेशले संध्याकाळी मी सांगीन. सत्यभामाबाई अन् तिचा नवरा श्यामराव घरात बसून राहणार आहेत. श्यामराव म्हणाले, "वहिनी, हे आम्ही सात महिन्यांआधी करायला पाहिजे होतं. आवाज आमच्या घरापर्यंत येत होता." मी त्यांले काय सांगू, माझ्या तर घरातच होता.

लोकेश माझा मुलगा आहे. तो लहान असताना गुलाबराव मले मारत तेव्हा तोही माझ्याकडंच पाहत होता, अन् मी त्याच्याकडं पाहून हसत होती. त्याले काय दिसलं असेल ते मी कधी विचारलं नाही. हे त्याच्या बचावासाठी लिहिलं नाही. त्यानं जे केलं ते त्यानं केलं. पण तुले पूर्ण सांगायचं ठरवलं, म्हणून हेही.

साक्षीबद्दल. ती तुले पाहून पळत येणार नाही, असं धरून चाल. हसली तर तिले आनंद झाला असं समजू नको. कदाचित मारेल, चावेल. मॅडमनं सांगितलं आहे की चेहऱ्यावर जे आहे ते तिले शब्दात सांगत जायचं, रोज, लहान लहान गोष्टीत. मी थकली आहे. मले राग आला, पण तुझा नाही. मले रडू येऊन राहिलं. किती दिवस लागतील ते त्यांनीही सांगितलं नाही. सगळं परत येईल असंही म्हटलं नाही. शाळेत घालशील तेव्हा पियुषची गोष्ट लपवू नको. इथं सगळं लपवण्यातच बिघडलं.

ती रात्रीच्या भातावर तूप मागते. डाव्या कुशीवर झोपते.

अठरा तारखेले मी कोर्टात येईन. लोकेशच्या बाजूनं माझं नाव दिलेलं आहे, त्याच नावावर उभी राहीन अन् हे सगळं बोलीन. माझं काही बरंवाईट झालं अन् मी येऊ शकली नाही, तर हे पत्र न्यायाधीशांसमोर ठेव. हे मी सातवी शिकलेल्या माझ्या स्वतःच्या हातानं, दुपारी, सत्यभामाबाईच्या घरी बसून, कोणी सांगितलं म्हणून नाही, पूर्ण शुद्धीत लिहिलं. सत्तावीस एप्रिलले मी घरात होती. पायल जिन्यावरून पडली नाही. तिले माझ्या मुलानं मारलं, अन् दार मी धरलं होतं.

शेवंता गुलाबराव रंगारी
वय ६१, राहणार भनपुरी, रायपूर